बुंध्यातलं लोखंड

“झाड वाळायला लागलं तेव्हापासून ही पण गप्प होत चाललीय बघ,” आई फोनवर मावशीला म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, तोंडाशी पदर धरून. मी त्याच खिडकीखालच्या पायरीवर बसले होते. अंगणात मुकादम दोरांची भेंडोळी उलगडत होता, टेम्पोतून शिडी उतरत होती. त्या गडबडीत आपलं बोलणं मला ऐकू जाणार नाही असं आईला वाटलं असावं. जो बोलत नाही त्याला ऐकूही कमी येतं, असा बहुतेकांचा समज असतो. मला त्याची सवय आहे.

“आजच पाडतायत,” आई सांगत होती. “मी काय करू? माझं कोण ऐकतंय?” मग बराच वेळ पलीकडचं ऐकून घेऊन ती अगदी हळू म्हणाली, “तेच तर. ते निघाले तर काय करायचं?”

‘ते’ म्हणजे काय हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं. आणि मला ते अजून आठवतं, हे आईला माहीत नव्हतं.

झाड चिंचेचं. आमचं घर नाशिकच्या गंगापूर रोडपासून आत, एका गल्लीच्या टोकाला आहे. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा इथे मळे होते, आणि चिंच त्यातल्या एका बांधावरची. घराजवळ चिंच ठेवू नका, असं सांगायला जो तो यायचा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी घराचा नकाशा तीन फूट मागे सरकवला आणि झाड ठेवलं. वर्गात ते स्वतःचंच उदाहरण द्यायचे. “मी रोज चिंचेच्या सावलीत झोपतो. मला कुठल्या भुतानं धरलंय का?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “सर, भूतच तुम्हाला घाबरत असेल.” ही गोष्ट बाबा अजून पाहुण्यांना सांगतात आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसतात.

दोन वर्षांपूर्वी घराकडच्या बाजूची पालवी आली नाही. यंदाच्या पावसाळ्यात वाऱ्याने मांडीएवढी फांदी गच्चीवर पडली आणि पाण्याची टाकी फुटली. महापालिकेचा माणूस आला, त्याने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि झाड आतून पोकळ होत चाललंय, घराकडे झुकलंय, काढावं लागेल, असं सांगितलं. परवानगीची नोटीस तो झाडाला खिळ्याने लावत होता. बाबांनी त्याचा हात धरला. “झाडाला खिळा नाही ठोकायचा.” मग ती नोटीस सुतळीने बांधली गेली. आई तेव्हा दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी त्याच्या आधीपासून घरी होते. गेल्या दिवाळीनंतर पुण्याची नोकरी सोडून आले होते. काम जमत होतं. सोमवारची मीटिंग जमत नव्हती. स्क्रीनवर बारा चौकोन, एकेकाने आठवड्याचं काम सांगायचं. माझी पाळी येईपर्यंत मी वाक्य मनात दहा वेळा म्हणून ठेवायचे आणि पाळी आली की ते जागेवर नसायचं. एकदा साहेब म्हणाले, “तुझा माइक बंद आहे बहुतेक.” माइक चालू होता. मी मान हलवली, माइक बंद असल्यासारखं दाखवलं आणि त्या संध्याकाळी राजीनामा लिहिला. लिहायला मला कधीच त्रास होत नाही.

घरी कुणी काही विचारलं नाही. बाबा म्हणाले, “थोडी विश्रांती घे.” मी आले त्याच दिवशी संध्याकाळी मी आईला अंगणात पाहिलं. ती चिंचेच्या बुंध्यावरून हात फिरवत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखा.

मुकादमाने सकाळीच बाबांना विचारलं होतं. काम सुरू करायच्या आधी तो नेहमीच विचारत असावा.

“सर, झाडात काय लोखंड हाय का? खिळा, तार, हूक, झोक्याची कडी?”

“काही नाही.”

“आठवून सांगा. मागं पिंपळगावच्या बाजूला एक बाभूळ घेतली होती. तिनं कुंपणाची तार गिळलेली. वरून दिसायचं काहीच नाय. कापायची मशीन लागली आन तिची साखळी तुटली, ती सरळ मशीनवाल्याच्या तोंडावर. जबडा गेला त्याचा. अजून पेज पितो.”

“अहो, पंचवीस वर्षांत ह्या झाडाला मी टाचणी लागू दिलेली नाही,” बाबा म्हणाले. “हवं तर लिहून देतो.”

झाडावर चढणारा माणूस तोवर बुंध्याभोवती फिरत होता. पेठ तालुक्यातला, तिशीतला, बारीक अंगाचा. त्याने कोयत्याची पाठ बुंध्यावर टेकवली आणि म्हणाला, “ह्या बाजूनं काळं उतरलंय, मुकादम. आत काय तरी हाय.”

“ते टॅनिन,” बाबा म्हणाले. “सालीतला रस असतो. हवा लागली की काळा पडतो.”

तो माणूस गप्प झाला. शिकलेल्या माणसाने नाव घेऊन सांगितलं की समोरच्याला गप्पच बसावं लागतं. बाबांचं तसं चुकलंही नव्हतं. टॅनिन असतंच. फक्त ते इतकं काळं व्हायला लोखंड लागतं, आणि हे मला बाबांनीच कधीतरी शिकवलं होतं.

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कपांवर बशा होत्या. त्या किणकिणत होत्या.

मी सहा वर्षांची असताना मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मराठीत बोललं की डायरीत लाल शेरा मिळायचा. मला इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी चालत नव्हतं, म्हणून मी तोंड बंद केलं. शाळेत बंद केलेलं तोंड घरी आल्यावर उघडेना. किती महिने ते मला नीट आठवत नाही. कान तपासले, घसा तपासला. डॉक्टर म्हणाले, बोलेल. बाबा म्हणाले, मूल आहे, वेळ लागतो. आई इगतपुरीला मावशीकडे जाऊन राहिली, मला घेऊन. मावशी आम्हाला जवळच्या एका खेड्यात एका बाईकडे घेऊन गेली. त्या बाईने मला जीभ बाहेर काढायला लावली, जिभेवर अंगाऱ्याचं बोट ठेवलं आणि मग माझ्या डोक्यावरून आईला सगळं सांगितलं. मी तिथेच होते.

दर अमावास्येला, भर दुपारी बारा वाजता. पोरीचा केस खिळ्याला गुंडाळायचा आणि खिळा चिंचेत ठोकायचा. जिभेची गाठ सुटेल. आणि खिळे झाडात आहेत तोवर ती पुन्हा बसणार नाही.

माझी शाळा सकाळची होती. साडेअकराला मी घरी यायचे, बाबा सहाला. आई माझी वेणी घालायची आणि कंगव्यातले केस फेकून न देता कागदाच्या पुडीत ठेवायची. हातोडी बाबांच्या पेटीत असायची आणि पेटीला कुलूप. म्हणून आईने वरवंटा घेतला. मी खिडकीच्या गजाला धरून बघायचे. ती आधी इकडेतिकडे पाहायची, मग पदर खोचायची आणि ठोकायची, स्वतःच्या छातीच्या उंचीवर, बुंध्याच्या घराकडच्या बाजूला, जिथे गल्लीतून दिसत नाही. वरवंट्याच्या टोकाला अजून बारीक खळगे आहेत. चटणी वाटताना त्यांत खोबरं अडकतं. आई ते नखाने काढते.

सातव्या वेळी वरवंटा तिच्या अंगठ्यावर बसला. ती ओरडली नाही. कपाळ झाडाला टेकून उभी राहिली, दुखरा हात दुसऱ्या हातात धरून, आणि थोड्या वेळाने तिने पुन्हा वरवंटा उचलला. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता. मी खिडकीतून म्हणाले, “आई, भूक लागली.”

आईने त्या दिवशी रडत रडत मला वरणभात भरवला. तिच्या लेखी ते सातव्या खिळ्याचं काम होतं. माझ्या लेखी ते फक्त तिला थांबवायला म्हटलेलं एक वाक्य होतं. त्यानंतर मी गरजेपुरती बोलत राहिले. वर्षभराने खिळ्यांची डोकी सालीत बुडाली. झाडाने ती गिळली आणि आम्ही दोघींनीही.

चढायच्या आधी त्या माणसाने मूठभर तांदूळ बुंध्याशी ठेवले आणि हात जोडून पुटपुटला.

“अरे बाबा, असलं काही नको माझ्या दारात,” बाबा म्हणाले.

“सर, वर तो जाणार हाय, तुमी नाय,” मुकादम म्हणाला.

बाबा हसले. आईने आतून हळदकुंकवाचा करंडा आणून त्या माणसाच्या बायकोच्या हातात दिला. ती त्याच्याबरोबर काम करते. तो वर, ती खाली दोरावर.

दिवसभर मी त्या दोघांना बघत होते. तो कमरेचा पट्टा फांदीला अडकवायचा, कापायची फांदी दोराने बांधायचा आणि मग मशीन लावायचा. दोराचं दुसरं टोक बायकोच्या हातात, बुंध्याच्या तळाला दोन वेढे देऊन. फांदी तुटली की झटका बसायचा, वेढे करकरायचे आणि ती हातभर हातभर दोर सोडत फांदी अंगणात उतरवायची, बाळ उतरवावं तशी. नव्या टाकीला धक्का लागला नाही, खिडकीची काच गेली नाही. त्याच्या कमरेला आणखी एक बारीक दोर होता, त्याचंही टोक तिच्याजवळ. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. दुपारपर्यंत मला ते कळलं. ती दोघं एकमेकांशी सबंध दिवसात पाच-सहा वाक्यंही बोलली नसतील. त्यांना कुणी कुठे नेऊन जीभ दाखवायला लावली नसणार.

वरच्या फांद्यांत लोखंड नव्हतं. वेळ होता. तो वरून खाली येत होता आणि मी मनात वाक्य तयार करत होते.

एकदा पाणी द्यायच्या निमित्ताने मी मुकादमाजवळ गेले. तो फोनवर होता. फोन ठेवून म्हणाला, “काय ताई, चहा का?” मी मान हलवली. मग आत जाऊन सगळ्यांचा चहा करावा लागला.

एकदा फोनवर बाबांना मेसेज लिहिला. ‘बुंध्यात खिळे आहेत.’ बोट पाठवायच्या खुणेवर होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. बाबा विचारणार, कुणी? ते ओट्यासमोर उभे राहून आईला शांतपणे विचारतील, “तू?” ते ओरडणार नाहीत. ते तिला समजावून सांगतील, लोखंड म्हणजे काय, वाचा म्हणजे काय, दोन्हींचा संबंध कसा नाही. शेजारच्या काकू कुंपणावर हनुवटी टेकून सकाळपासून उभ्याच होत्या. आणि मुकादम ही गोष्ट पुढच्या झाडाखाली सांगेल. नाशकात गंगापूर रोडला एका मास्तराच्या घरी, तर काय. मी मेसेज पुसला.

नाही सांगितलं तर तो माणूस होता. त्याचा जबडा.

मग मला वाटलं, आईच बोलेल. तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं आणि मुकादमाची ती बाभळीची गोष्ट तिनेही ऐकली होती. ती बोललीही, तिच्या पद्धतीने. तीन वाजता फक्त बुंधा उरला, पुरुषभर उंचीचा, तेव्हा ती पुढे झाली.

“एवढा राहू द्या की. वर कुंडी ठेवता येईल.”

“पोकळ बुंधा ठेवून काय करायचंय?” बाबा म्हणाले. “वाळवी लागेल, घरात येईल.”

“मग निम्मा ठेवा. बसायला.”

“काकू, बसायला खुर्ची घ्या की,” मुकादम म्हणाला. “पैसे सगळ्याचे घेतलेत, अर्धं ठेवून कसं जाऊ?”

“कोयत्याने नाही का तुटणार? मशीन कशाला?”

“कोयत्यानं?” मुकादम हसला. “मग आमी दिवाळीला पण हितंच.”

सगळे हसले. आईही हसली, म्हणजे तिने हसल्यासारखं तोंड केलं. मग तिने त्या चढणाऱ्या माणसाकडे पाहिलं, मग बुंध्याकडे, आणि मग माझ्याकडे. मी तिचा चेहरा कधी इतका उघडा पाहिला नव्हता. तिला त्या माणसाची भीती वाटत होती, पण तिला माझी जास्त वाटत होती. खिळे निघाले की माझं उरलंसुरलं बोलणंही जाईल, असं ती खरोखर मानत होती. ह्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, शिकलेल्या, नोकरी सोडून पायरीवर बसलेल्या मुलीला सात खिळ्यांनी धरून ठेवलंय. आणि मला सगळ्यात वाईट ह्याचं वाटलं, की तिला खोटं ठरवेल असं मी आयुष्यात काहीच केलं नव्हतं. ती वळून आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची सावली दिसली, गजाला धरलेली.

झाड खिळ्यांनी मेलं नसणार. एवढ्या मोठ्या झाडाला सात खिळ्यांनी काय होतं? मी वाचलंय त्याबद्दल. तरी मला दोन वर्षं वाटत होतं, की ह्या घरात माझ्या वाट्याचं जे काही सोसायचं होतं ते आईने त्या झाडाला सोसायला लावलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. झाडही गेलं आणि मी होते तिथेच.

मुकादमाने बुंध्यावर गेरूच्या रेघा ओढल्या. दोन-दोन फुटांचे ओंडके पाडायचे होते. पहिला ओंडका वरून निघाला, काही झालं नाही. आतून तो अर्धा भुसा झालेला होता. दुसरी रेघ त्या काळ्या डागाच्या बरोबर मधून गेली होती. त्या माणसाने पाय फाकवून जागा घेतली. त्याच्या कमरेचा बारीक दोर अजून सोडलेला नव्हता. तो अंगणातून घसटत आला होता आणि त्याचं टोक माझ्या पायरीपाशी पडलं होतं. त्याची बायको मोठा दोर बुंध्याला बांधून मुकादमाबरोबर तिकडे, फाटकाकडे, ओढायला उभी होती.

मशीन सुरू झाली. तो माणूस डोळ्यांवरचा कामाचा चष्मा नीट करत होता.

“थांबा,” मी म्हणाले.

मशीनच्या आवाजात मलाही ते ऐकू आलं नाही. शेजारच्या काकूंचं लक्ष नव्हतं, बाबा फुटलेल्या ओंडक्यातला भुसा चिमटीत घेऊन बघत होते. मी खाली वाकले, दोराचं टोक उचललं आणि एक हिसका दिला.

त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. आधी मशीन बंद केली. मग बायकोकडे पाहिलं. तिने ‘मी नाही’ अशी मान हलवली आणि हात लांब करून माझ्याकडे दाखवलं.

एकदम शांत झालं. मुकादम, काकू, बाबा, ती दोघं, सगळे माझ्याकडे बघत होते, बारा चौकोनांसारखे. माझ्या हातात दोर होता. जिभेवर अंगाऱ्याची चव आल्यासारखं वाटलं.

“काय गं, काय झालं?” बाबांनी विचारलं.

खिडकीतली सावली हलली नाही. मी तिकडे पाहिलं नाही. बाबांकडेही नाही. मी त्या चढणाऱ्या माणसाकडे पाहिलं, कारण त्याला खरं सांगायचं होतं, आणि बाकीच्यांना नाही.

“तिथे मशीन लावू नका. सात खिळे आहेत त्यात, त्या काळ्या डागाच्या आत,” मी म्हणाले. “मी ठोकलेत. लहान असताना. वरवंट्याने.”